विहिरीतून वर कोणी पाहिलं?

मिलिंद,

काल तुझं पुण्यानुमोदन झालं. आज दुपारी घर रिकामं झालं, तुझी बायको सुजाता जरा आडवी झाली, तेव्हा मी तुझ्या फोटोसमोर खुर्ची ओढून बसले. रडायला नाही. आपला वाद अर्धा राहिलाय. "पुढच्या डायलिसिसला येशील तेव्हा सांगतो," असं म्हणून तू तोंड फिरवलंस आणि ती पुढची वेळ आलीच नाही. त्या वादाचं काल काय झालं ते तुला सांगायला हवं. दुसऱ्या कोणी सांगितलं तर ते नीट सांगणार नाहीत.

तुझी बहीण कोर्टात स्टेनो. सगळी नोकरी लोकांच्या साक्षी उतरवण्यात गेली. साक्षीदार जितका ठामपणे बोलतो, तितका मला त्याचा संशय येतो. तू त्यावरून मला चिडवायचास, की ताई वाढदिवसाच्या शुभेच्छांनाही पुरावा मागेल. पण मिलिंद, तुझी गोष्ट आपल्या घरात सुरू झाली तेव्हा मी नऊ वर्षांची होते. संशय मला नोकरीनं दिलेला नाही. तो तुझ्यापासून सुरू झाला.

तुला पाण्याची भीती होती. आई अंघोळीला तांब्या डोक्यावर धरायची, तू वर बघायचास आणि किंचाळायचास. चार वर्षांचा झालास आणि त्या किंचाळण्याला शब्द फुटले. "बाळू पाण्यात." "मी पाण्यात." "वर सगळ्यांची डोकी. कोणी हात देत नाय." एवढंच, पुन्हा पुन्हा. अंघोळ झाल्यावर टॉवेलात गुंडाळलं तरी तू आईचा हात सोडायचा नाहीस.

आई घाबरली, कारण बाळू कोण ते तिला माहीत होतं. आपली आजी, नानांची आई, दिंडोरीच्या पुढच्या एका गावात मळ्यावर सालानं कामाला होती आणि तिथंच झोपडीत राहायची. आजोबा लवकर गेले. नाना शिकून नाशिकला कचेरीत लागले, तरी तिनं मळा सोडला नाही. मग तू जन्मायच्या आदल्या वर्षी ती एक गाठोडं घेऊन नाशिकरोडला आपल्याकडे आली ती कायमची. का आलीस, असं विचारलं की म्हणायची, "व्हत नाय आता काम." मळेवाल्यांचा बाळू नावाचा लहान मुलगा त्याच वर्षी विहिरीत बुडून गेला होता, एवढं घरात ऐकून माहीत होतं. त्याहून जास्त आजी कधी बोलली नाही. कॉलनीतल्या बायकांनी वर्षांचा हिशेब जुळवला आणि आईला सांगितलं, हा तोच आहे, एकदा तिथं नेऊन आण, भीती जाईल.

नाना कचेरीत गेल्यावर आई आपल्या दोघांना घेऊन निघाली. आजी दाराची चौकट धरून उभी होती. "नका जाऊ तिथं," म्हणाली. "पोराला नका नेऊ." आई तिच्या हाताखालून वाकून बाहेर पडली. आजीला घाबरलेलं मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं आणि मनात म्हटलं, हिला काहीतरी ठाऊक आहे.

एस.टी.नं दिंडोरी, तिथून पुढे पायी. तेव्हा तिकडं द्राक्षं नव्हती, ऊस आणि भाजीपाला होता. मळ्यात पोहोचलो, आई अंगणाच्या कडेला थांबली आणि तू तिचा हात सोडून चालायला लागलास. घराकडे नाही, घराच्या मागं. गोठ्यावरून, उकिरड्याला वळसा घालून, थेट जांभळाखालच्या विहिरीकडे. काठापासून लांबच बसलास आणि तेच म्हणालास. डोकी. हात देत नाय. अंगणात गहू पाखडणारी बाई तुझ्यामागं आली होती. तिनं ते ऐकलं, तुझ्याशेजारी मातीत बसली आणि तुला पोटाशी धरलं. ती मथुराबाई, बाळूची आई. ओट्यावर तिचे सासरे बसले होते. ते उठून आत गेले.

तुला तिनं घरात नेलं, दूध दिलं. आईला आणि मला अंगणात पोतं टाकून दिलं. मी पोत्यावरून उघड्या दारातून आत बघत होते. घरामागची वाट न विचारता चालत जाणारा तू, घरात मात्र हरवलास. बाहेरचं दार कुठं ते तुला कळेना. भलत्याच खोलीत शिरून रडायला लागलास. मला वाटलं, स्वतःचं घर असं कोणी विसरतं का? पण मी नऊ वर्षांची. मला कोण विचारणार.

परत आल्यावर तुझी पाण्याची भीती थोडी कमी झाली हे मी मान्य करते. बदल्यात घरात दुसरं दुखणं आलं. नानांना कळलं. ते ओरडले नाहीत. जेवता जेवता ताट बाजूला सारून आईला म्हणाले, "मागच्या जन्मी पाप केलं म्हणून तुम्ही असे जन्मलात, हेच आपल्याला पिढ्यान्‌पिढ्या सांगितलं ना? ते सोडून आपण बाहेर पडलो. आता ते माझ्याच पोराच्या तोंडून ऐकू?" मला त्यांचं म्हणणं तेव्हा अर्धंच कळलं. दुसरं अर्धं ते बोललेच नाहीत, ते मला मोठेपणी कळलं. मुलाला मागचा जन्म आठवला तोही त्यांच्याच घरातला, ज्यांच्या दाराबाहेर नानांच्या आईनं जन्म काढला.

नाना होते तोवर मळ्याचं नाव काढायची बंदी होती. तू कॉलेजात जायला लागल्यावर सायकल काढून गुपचूप जायचास. मला सांगायचास, मथुराबाईनं भरीत केलं होतं, तिनं डोक्याला तेल लावलं. तिला तू आई म्हणायचास. आपल्या आईनं ते एकदा ऐकलं आणि तिनं भाकरी थापायला घेतली. नानांनंतर तर उघडच झालं. मळ्यात द्राक्षं आली, दर हंगामात आपल्या दारात टेम्पो थांबायचा आणि क्रेट उतरायचे. मी ती द्राक्षं खायचे आणि विचार करायचे, या बाईला काय हवंय? तिला पुढं दोन मुलं झाली होती, नातवंडं झाली. दुसऱ्याच्या पोराला धरून ठेवायचं कारण काय? तुझ्या लग्नात ती आली, मागच्या रांगेत बसली, जेवण झाल्यावर गेली. मी तिच्यावर नजर ठेवून होते. तिनं काहीच केलं नाही. त्यानं माझा संशय वाढलाच.

लोकांसाठी गोष्ट सोपी होती, बाळू परत आला. मीही एकच म्हणत राहिले, आजीनं तुला कधीतरी सांगितलं. आजीची गोष्ट तुझ्या झोपेत मिसळली आणि तुझी झाली. तू दोन्हींच्या मध्ये कुठंतरी लोंबकळत होतास. मग पिंपळगावला माती आणि द्राक्षाचे देठ तपासायच्या लॅबमध्ये लागलास, वाचायला लागलास, आणि चाळिशीत एक दिवस म्हणालास, "पुनर्जन्म नाही ताई, नानांचं बरोबर होतं. पण तुझंही बरोबर नाही."

त्याला कारण मीच होते. मी तुला घरात हरवल्याची गोष्ट सांगितली होती. तुला गोठा आठवतो, उकिरडा आठवतो, विहीर आठवते. स्वयंपाकघर नाही, देवघर नाही, निजायची खोली नाही. त्या घरचा मुलगा असतास तर हे उलटं असतं. मी हे तुझी गोष्ट खोडायला सांगितलं आणि तू तेच उचललंस. ज्याला उंबऱ्याच्या आत येऊ देत नव्हते त्याचीच ही आठवण, म्हणालास. आजीची. ती रक्तातून आली. पूर्वजांनी भोगलेलं पुढच्यांच्या अंगात उतरतं, त्यावर जगात काम चाललंय, असं काहीबाही मला मोबाइलवर दाखवायचास. द्राक्षाची काडी लावली तर नवी वेल जन्मते की जुनीच पुढं चालते, असं विचारलंस. मी म्हटलं, तिला काय आठवतं ते विचारून ये, मग बोलू.

तू हसलास, पण सोडलं नाहीस. डायलिसिस सुरू झाल्यावर तर तासन्‌तास आपण तेच बोलायचो. शेजारच्या पलंगावरचे काका कान देऊन ऐकायचे. मी तुला विचारलं, रक्तातून येतं तर मला का नाही आलं? मीही तिचीच नात. तू डोळे मिटून म्हणालास, "तुलाही आलं असेल. तू उलटतपासणी घेतेस ताई, ऐकत नाहीस."

मला ते लागलं. म्हणून मी शेवटचा प्रश्न टाकला. आजी मळ्यात कामाला होती, बाळू बुडाला तेव्हा फार तर काठावर असेल. मग तिला वरून खाली दिसायला हवं. तुला खालून वर दिसतं. खाली तर बाळू होता. म्हणजे एक तर लोक म्हणतात ते खरं, नाहीतर माझं. तुझं कसं बसतं? नळीतून तुझं रक्त मशीनमध्ये जात होतं, परत येत होतं. मग म्हणालास, पुढच्या वेळी सांगतो.

काल मथुराबाई आली. धाकट्या मुलानं गाडीतून आणलं, हातात काठी. तुझ्या फोटोला हात जोडून बराच वेळ उभी राहिली. त्रिशरण चाललं होतं, ती ओठ न हलवता ऐकत होती. कार्यक्रम उरकला तसं तिनं मला आतल्या खोलीत चल म्हणून खुणावलं. मी गेले, आणि मनात तयारी करून गेले, की आता ही तुझ्यावर काही हक्क सांगणार.

पलंगावर बसून तिनं विचारलं, "सोनाबाईचा फोटू हाय का घरात?"

आजीचं नाव सोनाबाई होतं, मिलिंद. आपल्या घरात तिला त्या नावानं हाक मारणारं कोणी नव्हतं. फोटो नाही, म्हटलं. तिला बघायचं होतं एकदा, ती म्हणाली. मी विचारलं, इतक्या वर्षांनी कशाला? मग ती जे बोलली ते मी तुला तिच्याच क्रमानं सांगते.

बाळू पडला तेव्हा दुपार होती, मळ्यात फक्त घरची माणसं होती. आरडाओरडा झाला, सगळे काठावर धावले, पोहता कोणालाच नीट येत नव्हतं. आजी गोठ्याकडून धावत आली आणि कोणाला न विचारता विहिरीच्या कपारी धरत खाली उतरली. ज्या विहिरीचं पाणी तिला लांबून ओंजळीत ओतायचे, त्या विहिरीत. तिनं बाळूला धरलं, वरून दोर सोडायला सांगितलं, त्याच्या काखेतून बांधला, वरच्यांनी ओढून घेतलं, पण त्यात जीव उरला नव्हता. दोर बाळूबरोबर वर गेला. तो पुन्हा खाली सोडला नाही. ती पाण्यात उभी होती, हात वर करून. वरून सगळे बघत होते. हात द्यायचा तर तिला शिवावं लागलं असतं. सासरे म्हणाले, येईल तिची ती. ती तिची ती आली, नखं फुटेपर्यंत दगड धरत. दुसऱ्या दिवशी त्यांनी विहीर सगळी उपसून काढली. आजीला सांगितलं, इथून जा आणि हे कुठं बोलू नको. गावात मात्र सांगितलं, बाळूच्या आजोबांनीच उडी घेऊन नातवाला काढलं.

मी विचारलं, मग माझ्या भावाला बाळू का मानलंत?

"मी नाय मानला. लोकांनी मानला, मी गप राहिले," ती म्हणाली. "माझं पोर पाण्यात पालथं व्हतं, पोरी. नुसती पाठ दिसत व्हती. त्यानं वर बघितलंच नाय. वर बघणारी एकच व्हती."

आणि थोड्या वेळानं, "मीबी काठावरच व्हते. तिनं वर केलेला हात मी बघितला."

तू पहिल्या दिवशी विहिरीपाशी बोललास तेव्हाच तिनं ओळखलं होतं, हे कोणाचं आहे. सासरे का उठून गेले तेही मला तेव्हा कळलं. तुला खरं का नाही सांगितलं, असं विचारलं तर म्हणाली, सांगितलं असतं तर तो परत आला असता का? आई म्हणाला असता का?

मी म्हटलं, हे बाहेर सगळ्यांसमोर सांगाल? तिनं पदर सारखा केला, काठी घेतली आणि माझ्याआधी बाहेर गेली. खुर्च्या अजून तशाच होत्या, कॉलनीतली माणसं चहा घेत होती. ती तुझ्या फोटोशेजारी उभी राहिली. मिलिंद माझा बाळू नव्हता, म्हणाली. माझ्या बाळूला याच्या आजीनं विहिरीत उतरून वर काढलं, आणि आम्ही तिला हात दिला नाही. तिचा मुलगा पुढं होऊन हळूच म्हणाला, "आई, कशाला आता." तिनं त्याच्याकडे न बघता विहीर उपसल्याचंही सांगितलं. तो बाहेर जाऊन गाडीत बसला. मग त्रिशरण म्हणायला आलेले भालेराव गुरुजी उठले आणि तिला बसायला आपली खुर्ची दिली. ती त्या खुर्चीत बसून खूप रडली, आणि खरं सांगते, तिचं ते रडणंही मी तपासून पाहिलं.

कारण तिच्यावर विश्वास का ठेवायचा? सगळे साक्षीदार गेलेले. तुझी डोकी आणि तुझे हात तिनं शंभरदा ऐकलेले. इतक्या वर्षांत कोणीही त्याला बसेल अशी गोष्ट रचू शकतं. पण कोर्टात मी माणसं स्वतःला वाचवायला खोटं बोलताना पाहिलीत. स्वतःला बुडवायला, तेही पोटच्या मुलासमोर, कोणी खोटं बोललेलं मला आठवत नाही. आणि आणखी एक. मी काल पुन्हा सगळं आठवलं. "मी बाळू" असं तू एकदाही म्हणाला नव्हतास. "बाळू पाण्यात" म्हणायचास आणि "मी पाण्यात" म्हणायचास. पाण्यात दोघं होती. त्यांचं एक माणूस आपल्या मोठ्यांनी केलं.

तेव्हा ती आठवण आजीची. एवढं तू बरोबर म्हणत होतास आणि माझ्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर तुझ्या बाजूनं निघालं. मी हे तुला सांगायला दवाखान्यापर्यंत पळत आले असते. पण मग लगेच म्हटलं असतं, थांब, उड्या मारू नको. आजी विहिरीत उतरली तेव्हा नाना कचेरीत नोकरी करत होते, मी चार वर्षांची होते. त्या दुपारी तिच्या अंगात जे काही शिरलं ते नानांच्या रक्तात जाणार कुठून आणि तुझ्यात येणार कुठून? तुझा रस्ता बंद होतो, मिलिंद. बाळूचाही बंद झाला. उरतं माझंच. आजीनं तुला सांगितलं.

म्हणजे मी जिंकले. काल रात्रीपासून हे मी मनाशी म्हणून बघतेय आणि ते घशाखाली उतरत नाही.

आजी आपल्या दोघांच्या मध्ये झोपायची. तू भिंतीकडे, मी बाहेरच्या बाजूला. तिनं सांगितलं असेल तर तिथंच, आणि तुझ्याकडे तोंड करून. तू तीन-चार वर्षांचा. मी आठ-नऊची, तिच्या पाठीला टेकून. मला सांगितलं असतं तर कळलं असतं. मी तिच्या हातांकडे पाहिलं असतं. कदाचित म्हणूनच मला नाही सांगितलं. मी विचारलं असतं, दोर परत का नाही सोडला, तू त्यांना काय म्हणालीस, ती रात्र तिथं कशी काढलीस. तिला उलट प्रश्न नको असतील. तुला तेव्हा प्रश्न विचारता येत नव्हते, नुसतं घाबरता येत होतं. तिचं ओझं तिनं तिथं ठेवलं आणि तू ते जन्मभर तिचं नाव न कळता वाहिलंस. तुझ्यावर तिनं हा अन्याय केला की माझ्यावर, हे मला अजून ठरवता येत नाही. तिच्यावर रागवावं म्हटलं तर डोळ्यांसमोर तो वर केलेला हात येतो.

मघाशी कपाटातून तुझा मोबाइल काढला. तू मला दाखवायचास आणि मी न वाचता परत द्यायचे ते सगळे लेख त्यात आहेत. चष्मा लावून वाचतेय. रक्तातून आलं असेल तर आजीनं तुला निवडलं नाही आणि मला वगळलं नाही, मग तू म्हणालास तसं ते माझ्यातही कुठंतरी असेल. एकही पुरावा टिकेल असा दिसत नाही, मिलिंद. दोन लेख अजून राहिलेत, ते वाचते.